तांबडीला उभी काढताना

आमच्या घरातला पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. अमरावतीला चित्रकला शिकताना युरोपातल्या रोमँटिक काळाचं नाव ऐकून आम्ही मागच्या बाकावरचे हसलो होतो. सरांनी न रागावता पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात प्रेमाबिमाचं काहीच नव्हतं. गाई, मेंढ्या, नांगराचे घोडे आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. पूर्वी जनावरं चित्राच्या कडेला असायची, या काळात ती मधोमध आली, असं सर म्हणाले. आमच्या कोठ्यातलं जनावरही चित्राचा विषय होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्यासाठी मी सरांचा आजही ऋणी आहे.

त्यातली बरीच गुरं बसलेली होती. सर म्हणाले, उभं जनावर हलतं, रवंथ करत बसलेलं बराच वेळ तसंच राहतं. "सुट्टीत गावी गेलात की असं एक विसावलेलं जनावर काढून आणा."

वडनेर भोलजीला घरी पोहोचलो तेव्हा आमची तांबडी गाय कोठ्यात बसलेलीच होती. मला बरं वाटलं. मग तिच्या अंगावरच्या गाठी दिसल्या. लम्पी. परवापासून ती उठलीच नव्हती. जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. स्वतःच्या पायावर उभी राहिली तर वाचेल, एवढंच सांगून.

आई तिची कूस बदलायची, कडुनिंबाच्या पाण्यानं गाठी पुसायची, ओलं कुटार तोंडाशी न्यायची. मला यातलं काही जमेना. मी वही काढून बसलो. तेवढ्यात शेजारचे काका आपल्या दोन पोरांना आणि दोन लांब लाकडी बल्ल्या घेऊन आले.

"काय बे कलाकार, गाय जाऊन राह्यली अन् तू तिचा फोटू काढून राह्यला?"

"मंग काय करू, काका?"

"पेन्सिल ठेव अन् बल्ली धर."

पोटाखालून पोती घालून, बल्ल्यांना बांधून आम्ही चौघांनी तिला उचललं. ती वर आली, पण पाय टेकेचनात. खूर मागे वळून नुसते लोंबत होते. आई तिच्या कपाळाला कपाळ लावून म्हणत होती, "टेक व माय, टेक." शेवटी आमचे खांदे भरून आले. तिला हळूच खाली ठेवलं.

संध्याकाळी आईनं माझं चित्र पाहिलं.

"बसेल काऊन काढली रे?"

"बसेलच हाये ना ते, आई."

"कागदावर तं उठू दे तिले. उभी काढ."

मी नवा कागद घेतला. शिंगं आली, पाठ आली, गळ्याची पोळी आली. पायांपाशी हात थांबला. इतकी वर्षं ती रोज समोर उभी असायची, पण डोळ्यांपुढे येत होते ते बल्ल्यांवर लोंबणारे पाय.

सकाळी ती गेली.

सुट्टीनंतर सरांनी बसलेल्या तांबडीचं ते चित्र वर्गापुढे धरलं. "बघा, किती शांत विसावली आहे," ते म्हणाले. मी नुसती मान हलवली.

आता मी शाळेत चित्रकला शिकवतो. फळ्यावर दुसऱ्या कुठल्याही गाईचे पाय सहज काढतो. तेच तांबडीच्या धडाखाली काढले की लोंबायला लागतात. तरी घरी गेलो की आईसाठी एकदा काढून बघतो. ती चष्मा लावते, खुरांखालच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवते.

"नाही टेकली रे अजून," म्हणते आणि कागद माझ्या हातात देते.