फी भरून रोमान्स

सोनईजवळच्या आमच्या गावात ‘रोमान्स’चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पोरगा आणि पोरगी एसटी स्टँडवर चार हात अंतर ठेवून उभी राहिली, की झाला रोमान्स. बोलली, तर लफडं. म्हाताऱ्यांच्या लेखी रोमान्स म्हणजे टीव्हीचं चॅनेल बदलायची वेळ.

एवढं सगळं माहीत असून मी शहाणीने हॉस्टेलचा फॉर्म दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात दिला. पुण्याला एम.ए.ला माझा नंबर लागला होता. पालकाची सही तेवढी राहिली होती आणि उद्या शेवटची तारीख. दादांना चष्मा सापडेना, म्हणून चुलते मदतीला धावले. आमच्या घरातलं कुठलंही वाटोळं त्यांच्या मदतीशिवाय होत नाही.

“विभाग,” त्यांनी मोठ्यांदा वाचलं, “रोमान्स भाषा.”

दादांनी पेन खाली ठेवला.

“दोन वर्षं रोमान्स शिकनार? त्यो बी फी भरून?” चुलते म्हणाले. “आमच्या येळंला पोरं फुकटात बिघडायची!”

मी समजावलं, की फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या रोमच्या जुन्या बोलीतून निघालेल्या भाषा, म्हणून त्यांना रोमान्स म्हणतात.

“मग रोम म्हना की! पुढं मान्स कशाला लावलं?”

तीन वर्षं रात्रंदिवस घासून मिळवलेली जागा एका शब्दापायी हातची चालली होती. मला रडूच फुटलं. चुलते समाधानाने म्हणाले, “बघा, शिकायच्या आदीच सुरू झालं.”

“न्हाई जमायचं,” दादा म्हणाले आणि त्यांनी फॉर्मची घडी घातली.

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी हात पदराला पुसून उठली, दादांच्या हातातली घडी घेतली, उलगडली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“करा सही,” ती म्हणाली. “या घरात कुनाला तरी रोमान्स येऊ द्या. मला पंचवीस वर्षांत कुनी शिकवला न्हाई.”

चुलत्यांना एकदम विहिरीवरची मोटर बंद करायची आठवण झाली. ते गेले.

दादांनी सही केली. आईकडे बघायचं धाडस काही त्यांचं झालं नाही.