टायवाल्याचे दोन हात

पुंजारामशी माझी ओळख भांडणातून झाली. मी कारभारी पेंटर. पंचवटीपासून अंबडपर्यंतच्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. त्र्याण्णव साली एका कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी मोठा फलक रंगवत होतो : ‘इ. स. २००० – घरोघरी संगणक’. संगणक मी तोवर बघितलेलाही नव्हता. प्राध्यापकांनी चिठ्ठीवर जे लिहून दिलं, त्यात माझी अक्कल मिसळली. लोखंडी कपाटाएवढं यंत्र, लाल दिव्यांच्या तीन रांगा, टेपची दोन चाकं, मधोमध पडदा, पडद्यात टाय लावलेल्या माणसाचा चेहरा आणि बाजूला लोंबणारा फोन. खाली ओळ : ‘तुम्ही बोला, दूरचा माणूस समोर दिसेल.’

उद्घाटनाची तोरणं घेऊन मखमलाबादचा फुलमळेवाला पुंजाराम आला. सोबत सात-आठ वर्षांची पोरगी, दीपमाला. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बापलेक हातांनी बोलायचे, आणि त्या खुणा त्यांच्या घरातच, फुलांच्या ढिगाशी बसून तयार झालेल्या. मूठ हळूहळू उघडली की ‘छान’. अंगठ्यानं बोट टोचलं की ‘दुखतंय’. सुईत दोरा ओवल्यासारखं केलं की ‘बापू’, म्हणजे पुंजाराम. ही भाषा येणारी माणसं जगात तीनच : तो, त्याची बायको सरुबाई आणि ही पोर.

फलक वाचून पुंजाराम म्हणाला, “पेंटर, या मानसाला हात कुठंयत?”

“पडद्यात चेहराच येतो.”

“मंग माझी दीपा त्याच्याशी बोलंल कशी? हात काढा.”

“अहो, चित्र आहे हे! खरं मशिन कुठं आलंय अजून?”

“येनार हाय ना? मंग आत्ताच काढा. मागून कोन ऐकतंय?”

डोकं फिरलं माझं. पण हा बाबा हटेना, आणि ती पोर माझ्या रंगाच्या डब्यांपाशी उकिडवी बसून एकटक पडद्याकडं बघत होती. शेवटी उरल्यासुरल्या रंगात टायवाल्याला दोन हात ठोकून दिले. कुणी पिस्तूल रोखल्यासारखे वर केलेले! प्राध्यापक जाम उखडले. पण खोडायला वेळ नव्हता, म्हणून राहिले तसेच.

दोन हजार साल आलं नि गेलं. कपाट काही कुणाच्या घरात आलं नाही. आला तो फ्लेक्स. कॉम्प्युटर तासाभरात दहा पाट्या काढू लागला आणि माझे ब्रश डब्यात वाळले. ज्याचं मी एवढं कौतुक रंगवलं, त्यानंच माझ्या पोटावर पाय दिला. त्याचं नाव काढलं की मी शिवी हासडायचो, खोटं कशाला बोलू?

दोन हजार चारला दीपमालाचं लग्न झालं. नवरा संतोष, अंबडला फिटर, ऐकणारा-बोलणारा. लग्नानंतर दीड महिन्यात तो नोकरीला मस्कतला गेला आणि वर्षभरानं तिलाही घेऊन गेला. तोवर त्याला तिच्या पाच-सहा खुणा येत असतील, जास्त नाही. फोनवर तो सांगायचा, “मजेत आहे ती.” रिसीव्हर ठेवून पुंजाराम थेट माझ्याकडं यायचा.

“तो म्हनतो मजेत हाय. ती कुठं म्हनती? तिथं तिच्याशी बोलतं कोन, पेंटर?”

वर्षभर हा एकच प्रश्न. माणसाचं जेवण तुटलं हो.

आमच्या गल्लीत योगिनीचा सायबर कॅफे होता. तीच म्हणाली, “काका, कॅमेऱ्यावर दिसेल मुलगी.” संतोषला फोन करून रविवारी दुपारी चारची वेळ ठरवली. “चला,” मी कुचकटपणानं म्हटलं, “बघू तरी तुमचं कपाट.”

कपाट कसलं! टेबलावर धुळकट डबा, त्यावर चिकटपट्टीनं बसवलेला लिंबाएवढा कॅमेरा. ना दिवे, ना चाकं. आधी नुसता काळा चौकोन. मग अडखळत, थरथरत दीपमालाचा चेहरा उमटला. समुद्रापलीकडची पोर, आमच्या गल्लीतल्या गाळ्यात! सोबत आलेल्या सरुबाईनं कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

पण पुंजारामचा चेहरा पडला. तिचे खांदे हलत होते, म्हणजे ती बोलत होती. पण पडद्यात आला होता नुसता चेहरा. तो माझ्याकडं वळला.

“पेंटर, हात!”

“योगिनी,” मी ओरडलोच, “लिही त्यांना, मागं सरका म्हणावं!” तिनं टाइप केलं, आणि मी पुंजारामला खुर्चीसकट भिंतीपर्यंत ओढलं. तिकडंही खुर्ची सरकली. आणि हात आले. दोन्ही, वर उचललेले. मी अक्कल लावून रंगवलं ते सगळं चुकलं होतं, आणि या फुलवाल्यानं हट्टानं काढवून घेतलं तेवढंच खरं झालं होतं. देवाशप्पथ, मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

हात भराभर चालू झाले. “म्हनती, बापू, लय वाळले तुमी,” पुंजाराम आम्हाला सांगत होता. मग त्यानं तो एक प्रश्न हातांनी विचारला. दीपमाला हसली आणि बाजूला उभ्या संतोषला ओढून आणलं. त्यानं लाजत चिमटीतल्या नसलेल्या सुईत दोरा ओवला, मूठ उघडली. दीपमालानं त्याच्या हातावर चापट मारून काहीतरी दुरुस्त केलं. तोही गप्प बसेना, हातांनीच उलटून बोलला. बघता बघता दोघांची अशी जुंपली की आम्हाला विसरलीच ती.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

पुंजाराम उपरण्यानं डोळे पुसत होता. “काय माहीत! भांडून राह्यले,” तो म्हणाला. “निम्म्या खुना मला येतच नाय, पेंटर. नव्या हायेत.”