हेल्मेट घातल्याशिवाय कोडला हात लावू नये

आमच्या ऑफिसात भिंतीवर एकच पाटी होती आणि ती सरांनी स्वतः मार्करने लिहिली होती: हेल्मेट घातल्याशिवाय कोडला हात लावू नये. नवीन आलेला माणूस ती वाचून हसायचा. मग त्याला पंख्याखाली पोपटी हेल्मेट घालून टाइप करत बसलेले दादा दिसायचे आणि त्याचं हसू तिथल्या तिथे विरायचं. दादा हेल्मेटची काच वर करून विचारायचे, "काय काम होतं?"

नाशिकच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, आम्ही तिघं होतो. सर आधी शाळेत गणित शिकवायचे, नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता. दादा माझ्याहून बरेच मोठे, स्वभावाने गरीब, कोणी काही म्हटलं की आधी मान डोलवणार आणि मग विचार करणार. मी सिन्नरहून रोज एसटीने यायचे. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउससाठी आम्ही प्रोग्राम लिहीत होतो. द्राक्षाची पेटी कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधून आली, कधी तोडली, कधी थंड केली, हे सगळं त्या प्रोग्रामने पेटीवरच्या स्टिकरवर छापायचं, म्हणजे माल परदेशात अडायला नको.

सगळा कोड सरांच्या कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये असायचा. दादा आणि मी आपापल्या जागेवरून तोच फोल्डर उघडायचो. एकदा आम्ही दोघांनी एकच फाईल एकाच वेळी उघडली. मी सेव्ह केली, माझ्यानंतर त्यांनी सेव्ह केली, आणि माझं आठवड्याचं काम असं गेलं, जणू मी ते कधी केलंच नव्हतं. मी इतकी भडकले की त्यानंतर काही दिवस दादा माझ्याशी बोलताना आधी खुर्ची मागे सरकवायचे.

मी सरांना म्हटलं, याला गिट वापरतात. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली ते सगळं ते नोंदवून ठेवतं. दोघांचं काम एकमेकांवर चढायला लागलं की आधीच ओरडतं. काही बिघडलं तर कालच्या कोडवर जाता येतं, गेल्या वर्षीच्यासुद्धा. शिवाय एक प्रत बाहेरच्या सर्व्हरवर राहते. सरांनी यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"म्हणजे आपले दागिने दुसऱ्याच्या कपाटात?" ते म्हणाले. "त्यापेक्षा साधं आहे. एका वेळी एकानेच कोडला हात लावायचा. ज्याच्याकडे हेल्मेट, त्याने."

हेल्मेट ऑफिसात एकच होतं. द्राक्षाची औषधं विकणाऱ्या एका दुकानदाराने ते सरांना फुकट दिलं होतं. नाशिकला हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल देत नव्हते, म्हणून ते दादांच्या स्कूटरसाठी ठेवलेलं. रस्त्यावर दादा ते हँडलला अडकवायचे आणि पंप आला की डोक्यात घालायचे, सगळं गाव करतं तसंच.

"सर, नुसतं हातात धरलं तर नाही का चालणार?" मी विचारलं.

"घालायचंच. हातातली वस्तू माणूस खाली ठेवतो आणि विसरतो."

हे पटण्यासारखं होतं, तीच तर पंचाईत. आणि खोटं कशाला बोलू, उपाय लागू पडला. त्यानंतर कोणाचं काम कोणावर चढलं नाही. मी भर एप्रिलमध्ये हेल्मेट घालून कोड लिहिला आहे. घाम डोळ्यांत जायचा, चहा प्यायला काच वर करावी लागायची, फोन आला तर ऐकू यायचं नाही. घरी आई म्हणायची, अगं, ऑफिसात बसून काम करतेस ना, मग केसांना हा कसला वास? मी काय सांगणार कपाळ.

राहिला बॅकअप. ते काम सर कोणाला करू द्यायचे नाहीत. संध्याकाळी निघायच्या आधी हात धुवून यायचे, खुर्ची पुढे ओढायचे, पेनड्राइव्ह लावायचे आणि डेस्कटॉपवरचा फोल्डर त्यात कॉपी करायचे. मग तो पेनड्राइव्ह हेल्मेटच्या आतल्या गादीत खोचून ठेवायचे. कोड आणि कोडचा हक्क एकाच जागी असावा, असं त्यांचं म्हणणं. वडील दवाखान्यात होते त्या दिवशीही ते संध्याकाळी येऊन कॉपी करून गेले. कॉपी चुटकीसरशी व्हायची. मी एकदा म्हटलं, "सर, दोन वर्षांचं काम इतक्या लवकर कसं जातं?"

"पेनड्राइव्ह चांगला आहे," सर म्हणाले, आणि दादांनी मान डोलवली.

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला तेव्हा पॅकहाउसच्या मॅनेजरांचा निरोप आला. पहिला टेम्पो यायच्या आत प्रोग्राम चालू झाला तर ठीक, नाहीतर पुण्याची पार्टी तयार बसली आहे. सरांनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं की हे काम गेलं तर ऑफिस बंद. दादांचं काय झालं असतं मला माहीत नाही. माझं माहीत होतं. सिन्नरच्या एमआयडीसीत मी आधी एका गेटवर नोंदी करायचे: गाडीचा नंबर, आत आली, बाहेर गेली. दिवसभर तेच. तिथे मला सगळे "ओ गेटपास" म्हणून हाक मारायचे. आणि इकडे आईने तर रविवारी विहारात वंदना झाली की एकेकीला धरून सांगायचा सपाटा लावला होता की आमची मुलगी द्राक्षांचं सॉफ्टवेअर बनवते. परत त्या गेटवर मला बसायचं नव्हतं.

आणि अशात एका सकाळी सरांच्या कॉम्प्युटरने कट कट आवाज करायला सुरुवात केली. स्क्रीन काळी झाली ती झालीच. खालच्या गल्लीतला दुरुस्तीवाला आला, त्याने हार्ड डिस्क काढून कानाशी धरली, हलवून पाहिली आणि म्हणाला, "यातून आता काही निघत नसतं."

मी म्हटलं, परत एकदा हलवून बघा. सर मात्र शांत. मुलांना गणित सुटत नसताना ते असेच शांत राहत असणार. "घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "बॅकअप कशासाठी असतो? हेल्मेट आणा."

हेल्मेट दादांकडे होतं आणि दादा पेट्रोल भरायला गेले होते. आम्ही दोघं जिन्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने दादा आले. डोकं उघडं, केस विस्कटलेले.

"हेल्मेट?" सरांनी विचारलं.

"एकाला दिलं."

झालं होतं असं. पंपावर दादांच्या मागे एक माणूस बिनहेल्मेटचा उभा होता. तो म्हणाला, भाऊ, पेट्रोल भरण्यापुरतं द्या, लगेच देतो. हे नाशिकला रोज चालतं, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. एकेक हेल्मेट रांगेतल्या निम्म्या डोक्यांवरून फिरून मालकाकडे येतं. दादांनी दिलं आणि ते चाकात हवा भरायला गेले. हवा भरून आले तर माणूसही नाही आणि हेल्मेटही नाही.

"अहो, पण त्यात आपलं ऑफिस होतं," मी म्हणाले. दादांनी मान डोलवली. त्या क्षणी मला ती मान धरून गदागदा हलवावीशी वाटली, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

मग मीच डोकं चालवलं. ज्याच्याकडे स्वतःचं हेल्मेट नाही, तो आमचंच घालून परत पेट्रोलला येणार. चला पंपावर. दादा एका रांगेशी, मी दुसऱ्या. पोपटी हेल्मेट दिसलं की पकडायचं. पण तो औषधवाला दुकानदार उदार निघाला. त्याने तीच हेल्मेटं अख्ख्या तालुक्याला वाटली होती. दर थोड्या वेळाने एक पोपटी डोकं यायचं आणि मी धावायचे. "काका, जरा हेल्मेट बघू का आतून?"

कोणी रागाने बघायचं, कोणी पुढे निघून जायचं. एका आजोबांनी ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघ पोरी. उवा नाय माझ्या डोक्यात." पंपावरच्या बाईंना वाटलं, आम्ही सरकारकडून आलो आहोत. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली आणि आम्ही असेपर्यंत विनाहेल्मेट एकालाही पेट्रोल दिलं नाही.

तो माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पेठ तालुक्याकडचा, शांत, तब्येतीने बारीक. दादांनी त्याला लांबूनच ओळखलं. तो उलट आमच्यावरच खेकसला. "अवो, मी गाडी कडेला लावून लय वेळ उभा हुतो. तुमचा पत्ताच नाय. हेल्मेट टाकून जाऊ का काय?"

मी हेल्मेट हिसकावून आत हात घातला. गादी मऊ, स्वच्छ, आणि साबणाचा वास.

"लय घाण वास मारत हुता," तो म्हणाला. "बायकोनं गादी काढून कपड्यांसंगं मशीनला लावली. त्यातून हे निघालं." त्याने खिशातून रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. "गाणी असतील म्हणून ट्रॅक्टरच्या टेपला लावला. वाजलं नाय काय."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दादांना तर रडूच आलं.

सरांनी पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात ठेवला, ओल शोषली जावी म्हणून. सकाळी हात धुवून आले, माझ्या कॉम्प्युटरला लावला. आणि तो चालला हो. साबणाच्या पाण्यातून, ट्रॅक्टरच्या टेपमधून, तांदळातून येऊन चालला. स्क्रीनवर आमच्या फोल्डरचं चित्र आलं, त्याचं नाव आलं. आणि त्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता.

तो बाण आधी मला दिसला. तो फोल्डर नव्हता, शॉर्टकट होता. म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता. सरांनी डेस्कटॉपवर सोयीसाठी जो शॉर्टकट करून ठेवला होता, तोच ते दोन वर्षं रोज संध्याकाळी हात धुवून पेनड्राइव्हवर कॉपी करत होते. आणि पत्ता होता त्या मेलेल्या हार्ड डिस्कचा. सर त्यावर क्लिक करत राहिले. कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगत राहिला की तुम्ही शोधताय ते इथे नाही.

माझ्या तोंडात खूप काही आलं होतं. दागिने, कपाट, एप्रिल, सगळंच. तेवढ्यात सर म्हणाले, "मी रोज मनापासून कॉपी करायचो गं." राग मात्र राहिला. माणसाला झोडपताही येऊ नये, हा कुठला न्याय?

दादांनी दबकत विचारलं, "गेल्या वर्षी तू पॅकहाउसला चाचणीला गेली होतीस, तिथलं काढून टाकलं होतंस का?"

नव्हतं काढलं. आमचा प्रोग्राम असा होता की जिथे चालतो तिथे त्याचा सगळा कोड असतो. पंपावर दोन दिवस उन्हात उभं राहताना हे का सुचलं नाही, कुणास ठाऊक. आम्ही तिघं त्याच पावली पिंपळगावला गेलो. तो कॉम्प्युटर पॅकहाउसच्या कोपऱ्यात रिकाम्या क्रेटखाली होता, त्यावर आता मॅनेजर सकाळची भजनं लावायचे. भजनांच्या शेजारी आमचा फोल्डर तसाच होता. बाण नसलेला. वर्षभर जुना, पण पुरा.

परत आल्यावर मी त्यातली एक ओळही बदलायच्या आधी गिट चालू केलं, प्रत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवली, आणि सरांना विचारलं नाही. मधलं वर्षभराचं काम मी आणि दादांनी आठवून आठवून परत लिहिलं, दोघांनी एकाच वेळी, उघड्या डोक्याने. पहिला टेम्पो आला तेव्हा स्टिकर छापलं गेलं. जरा तिरकं छापलं गेलं, पण छापलं गेलं. आईने विहारात सांगितलंच.

सरांनी पाटी उतरवली. पण संध्याकाळी त्यांना चैन पडेना. मग त्यांनी नवीनच काढलं. निघायच्या आधी हात धुवून यायचे, माझ्या मागे उभे राहायचे आणि एखाद्या फाईलवर बोट ठेवून म्हणायचे, "ही पूस." मी पुसायचे. "आता आण." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. परत आणली की मी म्हणायचे, "आलं, सर." मग ते वळायचे, ती उघडून शेवटपर्यंत वाचायचे आणि पंखा बंद करायचे. पुढे पुढे अख्खा फोल्डर पुसायला लावायला लागले. दादा ते बघू शकायचे नाहीत, ते खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायचे.

एके दिवशी मी मुद्दाम गप्प बसले. फोल्डर केव्हाच परत आला होता. पण तो साठलेला राग होता ना, म्हटलं, यांनाही कळू दे. सर भिंतीकडे तोंड करून उभे, पाटी काढल्याची पांढरी खूण त्यांच्या समोर. मी कीबोर्डवर उगाच बोटं वाजवत राहिले. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"नाही आलं तरी चालेल," ते न वळता म्हणाले. "फक्त खरं सांग."

"आलं, सर," मी म्हणाले. आणि उठून खुर्ची त्यांना दिली.