लिबर्टीच्या कपाळावरचा लाल ठिपका

"कॉपर स्पॉट," ग्रेग म्हणाला. "ब्यूटिफुल. अगदी ओरिजिनल."

मी मायक्रोस्कोपमधून मान वर काढली नाही. काढली असती तर तोंडातून काहीतरी गेलं असतं. ग्रेग माझा बॉस, सिडनीतल्या आमच्या नाण्यांच्या ऑक्शन हाउसचा मालक. लॉकडाऊनमध्ये हा माणूस घरच्या सोफ्यावर लोळत व्हिडिओ कॉलवर नाणी तपासायचा. समोरचा मोबाइलसमोर नाणं हलवणार आणि हा म्हणणार, "लव्हली!" ऑफिस पुन्हा उघडलं तशी त्याने पास केलेली ही रत्नं एकेक करून माझ्या टेबलावर यायला लागली. त्यातलंच हे एक.

अमेरिकेचं वीस डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं. धंद्यात त्याला डबल ईगल म्हणतात. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुटवाली बाई, म्हणजे लिबर्टी. गरुडाखाली बारीक एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. तिथे ही नाणी पोत्याने पाडली गेली. टांकसाळ साधी, साल साधं. असं नाणं दुर्मिळ ठरायला एकच वाट उरते. ते कोरं असावं लागतं, म्हणजे पाडल्यापासून कोणी वापरलेलं नाही, पुसलेलं नाही. तसं असेल तर भाव कुठल्या कुठे जातो.

आणि ग्रेगने ते सोफ्यावरून कोरं ठरवलं होतं. नाण्याचा मालक शिरीष, मूळ पुण्याचा, क्वेकर्स हिलला राहणारा आयटीतला मॅनेजर. त्याने ठोकून दिलं होतं की नाणं एका अमेरिकन कुटुंबाकडून घेतलं आणि कायम लॉकरमध्येच होतं. खोटं बोल पण रेटून बोल!

आता तो ठिपका. सोनं मऊ असतं, म्हणून नाण्यात थोडं तांबं घालतात. कधी कधी ते तांबं वर येतं आणि लालसर डाग पडतो. तोच कॉपर स्पॉट. पण तो डाग धातूतच असतो, आणि पडेल तिथे पडतो. हा बरोब्बर लिबर्टीच्या कपाळावर, भुवईच्या वर बसला होता. शिवाय भुकटीसारखा कणाकणांचा होता. मुकुटाच्या खाचेत काहीतरी पिवळंही अडकलेलं होतं. कापसाच्या काडीला ॲसिटोन लावून मी त्यातला एक कण टिपला. ॲसिटोन सोन्याला काही करत नाही. काडी पिवळीधम्मक झाली.

हळद! आणि वर कुंकू! अगं बाई, अमेरिकेच्या टांकसाळीत लिबर्टीला हळदीकुंकू करून पाठवायचे की काय?

नाणं दिव्याखाली तिरकं धरलं. सगळीकडे केसासारख्या बारीक रेघा. वर्षानुवर्षं फडक्याने पुसल्याच्या. कपाळ आणि गालही झिजलेले.

"ग्रेग, हे तांबं नाही. हे पूजेचं कुंकू आहे. कोणीतरी हिला आमची लक्ष्मी समजून दरवर्षी धुतलंय, पुसलंय."

"मेट, कॅटलॉग प्रिंटरकडे गेलाय."

"मग परत मागव."

"आधी क्लायंटशी बोल. आणि जरा गोड बोल. मला हे नाणं सेलमध्ये हवंय."

मी शिरीषला फोन लावला. उचलला एका म्हाताऱ्या बाईंनी.

"शिरीष वर मीटिंगमध्ये आहे. फोन इथे ओट्यावरच विसरलाय. कोण बोलतंय?"

"मंजिरी. त्यांचं नाणं आलंय आमच्याकडे."

"अगं बाई, मराठी का तू? माझंच ते नाणं! माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. विमानं बंद झाली आणि मी इथेच अडकले, म्हणून बरं की येताना देवातली लक्ष्मी सोबत आणली होती. शिरीष म्हणाला, खरं आहे का तेवढं तपासून आणतो. लक्ष्मीपूजनाच्या आत मिळेल ना गं?"

नाणं विक्रीला लागलंय हे तिला कसं सांगणार? "मिळेल, काकू," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवल्यावर टेबलावर हात आपटला. मेल्याने आईच्या देव्हाऱ्यात हात घातला होता!

आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, त्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. मी कुंकवाचं आणि रेघांचं सांगितलं.

"अगं, तू आपलीच ना? मग ॲडजस्ट कर ना. ते कुंकू सॅनिटायझरने पुसून टाक. मी सहा महिने यूट्यूबवर नाण्यांचा अभ्यास केलाय."

"कुंकू पुसाल हो. रेघा कशाने पुसणार? आणि आईंना काय सांगणार?"

"आईला काय, सोन्याचं पाणी दिलेलं चांदीचं आणून देईन. तिला कुठे फरक कळतोय?"

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला हा शहाणा, आणि म्हणे आईला कळत नाही! मी फोन ठेवला. रिपोर्ट लिहायला बसले. नाणं अस्सल. साल व टांकसाळ सर्रास आढळणारी. वापरलेलं, झिजलेलं, वारंवार पुसलेलं. कपाळावर कुंकू, मुकुटात हळद. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि लिहिताना इतकी मजा मला क्वचितच आली असेल.

ग्रेगने रिपोर्ट वाचला, स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग "ब्लडी हेल" म्हणून प्रिंटरला फोन करायला गेला. पुसलेलं साधं नाणं म्हणजे फार तर सोन्याचा भाव. ते ऐकताच शिरीषने माल परत मागितला. एवढ्यासाठी आईशी कोण भांडत बसणार, असं तोच म्हणाला. धन्य तो श्रावणबाळ!

दिवाळीच्या आधी काकू स्वतःच आल्या. नऊवारी नाही, मुलाचं मोठं जॅकेट आणि नाकाखाली घसरलेला मास्क. शिरीष खाली गाडीत बसून होता. वर यायचं तोंड नसावं.

"कुंकू पुसलं नाहीस ना?"

"नाही. हळदीचा एक कण तेवढा टिपला."

"खरं आहे ना नाणं?"

"नाणं खरं आहे, काकू."

त्यांनी नाण्याची डबी पर्समध्ये टाकली, मागे दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि किंमत काय आली?"

"वितळवलं तर जेवढं सोनं तेवढीच. जास्त काही नाही."

"बरं झालं बाई! देवच पावला. आता कुणी हात लावायचं नाही."

किंमत पडली म्हणून खूश झालेलं गिऱ्हाईक मी आजवर एकच पाहिलं. लोक मला विचारतात, जुनं नाणं जपायचं कसं? मी सांगते, पुसू नका, घासू नका, सॅनिटायझर तर मुळीच नको. पण ते मुलाच्या तावडीतून वाचवायचं असेल, तर खुशाल रोज कुंकू लावा.