ड्युटीचा बूट

आज टर्बाइनजवळ बुटाची नाडी सुटली आणि पुण्यातली ती हेवी मेटलची कॉन्सर्ट आठवली. वीज केंद्राच्या वसाहतीतून, ऊर्जानगरातून, मी एकटाच गेलो होतो, हेच ड्युटीचे जड बूट घालून. गिटार कडाडली, पोरं एकमेकांवर आदळू लागली आणि मी खाली पडलो. लगेच चार अनोळखी पोरांनी उचललं. त्यांच्यातल्या घामाने निथळणाऱ्या एका दाढीवाल्याने माझा निघालेला बूट उंच धरला. "कोणाचा आहे रे?"

"माहा होय!"

"एकटाच आलास?"

"आलो एकटाच. आता नाई."

तो हसला. माझी नाडी बांधून होईपर्यंत ते चौघं धक्के पाठीवर झेलत माझ्याभोवती उभे राहिले.

टर्बाइनचा आवाजही तसाच छातीत घुमतो. कानात बोळे घालून आम्ही आपापल्या जागी एकेकटे असतो. आज नाडी बांधायला जरा जास्तच वेळ लावला.