शेवटच्या सागातले खिळे

आमच्या वस्तीत आधी रूळ आले, मग आरागिरणी, मग माणसं. गिरणीने सगळं जंगल चिरलं. फलाटामागे एक साग तेवढा राहिला. आता दुसऱ्या रुळासाठी तोही जाणार.

आज पाहिलं, तर सखूवहिनी त्याच्या खोडात खिळे ठोकत होत्या. त्यांचा नवरा गिरणीत आरा चालवायचा. लाकडात खिळा निघाला की पातं तुटायचं, म्हणून खिळ्याच्या झाडाला गिरणीवाले हात लावत नसत.

"आता कापा म्हणावं मेल्यांना!" त्या धापा टाकत म्हणाल्या.

आम्हा सगळ्यांची पोटं याच जंगलावर भरली. तेव्हा कुणालाच खिळा सुचला नाही.

पलीकडे जेसीबी येऊन उभा होता. तो झाड कापत नाही, मुळासकट उपटतो. हे त्यांना सांगवेना. मी वाकलो आणि पुढचा खिळा त्यांच्या हातात दिला.