जगदेवभाऊंची भरलेली टाकी

शेलूबाजारच्या जगदेवभाऊंचा या जगात कुठल्याही एका गोष्टीवर विश्वास नाही. दोन असतील तर थोडाफार बसतो. कमरेला करदोडा आहे, तरी पट्टा लागतोच. विहिरीवर सौरपंप बसला, आणि वऱ्हाडातला सूर्य काही सहसा दांडी मारत नाही, तरी जुनं डिझेल इंजिन गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेलं आहे. मुलीच्या, रूपालीच्या लग्नात तर भर एप्रिलमध्ये त्यांनी कापडी मांडवावर टिनाचं छत घातलं होतं, पाऊस आला तर म्हणून. पाऊस आला नाही. पाहुणे तेवढे उकडून निघाले.

प्लग-इन हायब्रीड नावाची गाडी कुणीतरी भाऊंनाच डोळ्यांसमोर ठेवून काढली असावी. एकाच गाडीत बॅटरीही आणि पेट्रोलचं इंजिनही. घरी प्लग लावला की पन्नासेक किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोलवर. एका निवृत्त साहेबांनी ती विकायला काढली आणि भाऊंनी पाहताक्षणी घेतली. त्याच वर्षी दिवाळीला वाशीमला दिलेल्या रूपालीनं निव्वळ विजेवरची गाडी घेतली.

"बाबा, माही गाडी एका चार्जिंगमंदी चारशे किलोमीटर जाते. तुमी दोन-दोन मशिनी कायले वागवून राह्यले?"

"अन् वाटेत करंट सरला तं? ढकलत आणशीन?"

भाऊंचं सगळं जग शेत, मंगरूळपीरचा बाजार आणि घर एवढंच, म्हणजे बॅटरीत मावणारं. त्यामुळे इंजिन चालवायची वेळच येईना. टाकी मात्र गाडी घेतली त्या दिवशी काठोकाठ भरली होती, ती दीड वर्ष तशीच होती. "पेट्रोल वेळेले पाह्यजे," असं भाऊ चारचौघांत अभिमानानं सांगत. मुन्ना मिस्त्री म्हणाला, "भाऊ, महिन्यातून एकडाव इंजिन फिरवत जा. पेट्रोल शिळं होते." भाऊ हसले. "पेट्रोल काय वांग्याची भाजी हाय?" गाडीतला स्क्रीनही इंग्रजीतून तेच सांगत होता. भाऊंनी त्या जागेवर पोहरादेवीच्या यात्रेतून आणलेला देवीचा फोटो चिकटवला. पुढचं देवी पाहील.

मग सोजरबाईच्या भाच्याचं लग्न निघालं, नागपूरला. सोजरबाई म्हणजे भाऊंची बायको. तिचा भाऊ आणि भावजय वारल्यावर त्या पोराला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. मांडवात आईच्या जागी तिलाच उभं राहायचं होतं, आणि मुहूर्त साडेअकराचा. आदल्या दिवशी जावं, तर दोन कुलपं लावूनही भाऊंना घर एकटं सोडवेना. रूपाली म्हणाली, माझ्या गाडीत चला. भाऊ म्हणाले, "समृद्धीवर इजेची गाडी? आज भरवशाचंच काम." सोजरबाई काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ भाऊ नेहमी होकारच धरत.

सकाळी सातला निघाले. कारंजा मागे पडलं, बॅटरी सरली आणि दीड वर्षांत पहिल्यांदा इंजिनाला हाक मारली गेली. ते खोकलं, दोन गचके दिले आणि गप्प झालं. भाऊंनी गाडी कशीबशी कडेला घेतली. डिकीत जादा पेट्रोलचा कॅन होता, पण टाकीच भरलेली, ओतणार कुठं? दोन्ही सिमकार्डांवरून मुन्नाला फोन झाले. तो म्हणाला, "भाऊ, ते पेट्रोल नाई राह्यलं आता, काढा झाला." खरं तर गाडीचा काही दोष नव्हता. रोज वीज आणि अधूनमधून लांबचा पल्ला असणाऱ्याला ती आजही उपयोगाची. भाऊंनी तिलाही गोठ्यातल्या इंजिनासारखं झाकून ठेवलं, याला ती काय करणार?

सोजरबाईचे डोळे भरले होते. भाऊंना स्वतःची मनापासून लाज वाटली, पण तोंडातून निघालं ते, "थांब, पाह्यतो काहीतरी."

पाच मिनिटांत मागून रूपालीची गाडी येऊन थांबली.

"तुले कोनं सांगतलं?" भाऊ चक्रावले.

रूपालीनं आईकडे पाहिलं. सोजरबाई डोळे पुसून, पिशवी उचलून निघालीही होती.

"म्या सांगतलं," सोजरबाई म्हणाली. "कालच. म्हनलं, बाबाच्या मांगं मांगं येत राह्य."

"म्हंजे माह्यावर भरोसा नव्हता?"

"होता नं. पन एकावरच कायले ठेवा? तुमीच तं शिकवलं."

भाऊ मागच्या सीटवर बसले. सवयीनं पेट्रोलचा कॅन सोबत घेतलेला, तो रूपालीनं परत त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवला. गाडी आवाज न करता निघाली. समोर आकडा दिसत होता: बॅटरीत अजून तीनशे दहा किलोमीटर. भाऊंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी हळूच विचारलं, "असं मांगं कोनाले तरी ठेवनं, कवापासून चालू हाय?"

सोजरबाईनं आरशात पाहून कुंकू नीट केलं.

"लगन झालं तवापासून," ती म्हणाली. "वेळ आजच आली."